आक्कासाठी गार हवा

धम्मानंदनं गाडीच्या डॅशबोर्डवर एक कागद चिकटवला आणि दोन पावलं मागं सरून तो निरखून पाहिला. कागदावर त्याच्या सुबक कारकुनी अक्षरात एसीचे नियम लिहिलेले होते. उन्हात उभी गाडी आधी दारं उघडून दोन मिनिटं मोकळी करणे. पंखा सुरुवातीला चारवर ठेवणे. गाडी गार होताच बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवणे. काचा कोणत्याही कारणास्तव उघडू नयेत. हप्त्यातून एकदा, थंडीतसुद्धा, दहा मिनिटं एसी चालवणे. रेणापूरच्या तहसीलमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार!

हे नियम लातूरच्या वीरभद्र मेकॅनिकचे. आठवड्यापूर्वी त्यानं एसीची जाळी काढली, डाळ मिलच्या रस्त्यावरचा वर्षभराचा भुसा झटकून दाखवला, नवी जाळी बसवली, गॅस भरला आणि म्हणाला, "साहेब, आता बर्फ पडंल बर्फ." तेव्हापासून धम्मानंदनं एसीला बोट लावलेलं नव्हतं. पहिला गार वारा आक्कालाच लागला पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आज सातवाच दिवस होता, त्यामुळे हप्त्याचा नियमही मोडत नव्हता.

आक्का म्हणजे थोरली बहीण, धर्माबादची नागुबाई. तीन वर्षांपूर्वी धम्मानंदच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडासाठी एकच एसी गाडी मिळाली होती. तीत विहीणबाई बसल्या, आणि नागुबाईची रवानगी टेम्पोत, भाड्याच्या पातेल्यांसोबत झाली. "मला पातेल्यासंगं न्हेलं," एवढं एकच वाक्य ती सगळ्या गणगोतात सांगत राहिली आणि भावाच्या उंबऱ्याला तिनं पाय लावला नाही. धम्मानंदला फार लागलं होतं ते. लहानपणी त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवणारी तीच होती.

यंदा बुद्धपौर्णिमेला यायला ती कशीबशी तयार झाली. अट एकच होती. "लातूरला एसटीनं येते. थितून गार गाडी पाहिजे. आन् पुढची सीट."

निघताना बायकोनं, मनिषानं, गाडीच्या सीटा ओल्या फडक्यानं पुसून दिल्या. एरवी ती गाडीकडं ढुंकूनही पाहत नसे.

"आज कामून गं एवढी सेवा?" धम्मानंदनं विचारलं.

"आक्का यायल्यात न्हवं. तुमी निघा," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

लातूरपर्यंत तो काचा खाली करून, तापलेल्या वाऱ्यात भाजत गेला. स्टँडवर नागुबाई पांढऱ्या लुगड्यात, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं भावाच्या नमस्काराला मान हलवली, गाडीशी आली आणि आधी मागचं दार उघडून वाकून पाहिलं.

"पातेली न्हाईत न्हवं?"

"न्हाईत आक्का. बस पुढं."

दोन मिनिटं दारं उघडी ठेवून झाली. काचा वर गेल्या. धम्मानंदनं पंखा चारवर केला आणि मोठ्या समारंभानं एसीचं बटण दाबलं.

लातूरबाहेर पडेस्तोवर त्याला सात शिंका आल्या. मग डोळ्यांतून धारा लागल्या, घसा दाटून आला. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. आक्का शेजारी बसल्याचं सुख होतं हे खरं, पण आपण इतके हळवे असू असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कामून रडून राहिला रे?" नागुबाईनं समोर बघतच विचारलं.

मनातलं बोलायला याहून चांगली वेळ आली नसती. "चुकलो आक्का," तो म्हणाला. "तुला टेम्पोत बसवायचं न्हवतं. मीच जायला पाहिजे होतं पातेल्यासंगं."

नागुबाईनं पदर डोळ्याला लावला, तो लावलेलाच ठेवला. नवरा गेला तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली बाई! ते पाहून धम्मानंदला आणखीच भरून आलं. गाडी आता गार झाली होती. नियमाप्रमाणे त्यानं बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायला सुरुवात केली.

त्यानंतर मात्र कहर झाला. दोघं खोकत होते, शिंकत होते, नाकं पुसत होते. बहीणभावाच्या प्रेमात एवढा खोकला असतो का, अशी शंका त्याला चाटून गेली. पण काच उघडली तर बाहेरच्या झळा आत येणार, आक्का म्हणणार गाडी गार नव्हती, आणि पुन्हा तीन वर्षं गेली! त्यानं दातावर दात दाबून गाडी हाणली.

नाक्यावर ट्रॅक्टर आडवा आल्यानं थांबावं लागलं. शेजारचे अण्णाराव मोटारसायकलवर बाजूला उभे होते. त्यांनी आत डोकावलं. धम्मानंदचे डोळे लालबुंद, नागुबाईचं तोंड पदरात.

"काय झालं? कोण गेलं?" अण्णारावांनी काचेवर टकटक केलं.

धम्मानंदनं बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली. त्यानं नुसता हात हलवला आणि रस्ता मोकळा होताच गाडी काढली. अण्णारावांनी हळहळून खिशातला फोन काढला.

पुढं कोसभर गेल्यावर नागुबाईच म्हणाली, "थांबीव आता. मरते की मी!"

धम्मानंदनं लिंबाखाली गाडी लावली, दोघं धडपडत बाहेर पडले. त्यानं तिला बाटलीतलं पाणी दिलं, स्वतःच्या तोंडावर मारलं. सगळं फिसकटलं, असं त्याच्या मनात आलं. वीरभद्रनं कुठलातरी भलताच गॅस भरला असणार. आता आक्का इथूनच परतीची एसटी धरणार.

नागुबाईनं डोळे पुसले, गाडीत वाकून समोरच्या काचेखालच्या फटीत बोट घातलं आणि काहीतरी टिपून वर काढलं. पिवळं, चपटं, इवलंसं. तिनं ते जिभेवर ठेवलं.

"मिरचीचं बी," ती म्हणाली. "मनिषा गाडीत मिरच्या वाळवती."

"गाडीत?"

"तू दुपारी झोपतूस का न्हाई?"

"एक ते चार."

"मंग झालं तर. माळवदावर वानरं, अंगणात शेरडं. ही काचा लावलेली गाडी म्हंजे भट्टी. चार दिसात मिरची कडकडीत. पण तिनं देठं काढून वाळत टाकल्या. देठ काढलं की बी सांडतं, फटीतनं आत जातं. देठासकट वाळवावं."

धम्मानंद बहिणीकडं बघत राहिला. "तुला एवढं कसं ठाऊक?"

नागुबाईनं रस्त्यावरून जाणारी बैलगाडी बराच वेळ पाहिली. "पोराच्या, प्रेमच्या गाडीत मी तीन उन्हाळे वाळविले," ती हळूच म्हणाली. "पयल्या साली माझ्याबी ध्यानात न्हवतं आलं."

धम्मानंदला हसू आवरेना. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे तुला पयल्यापासून ठाऊक होतं. मी मिरचीनं रडून राहिलो म्हणून."

"पयल्या शिंकंला कळालं."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तू बोलत होतास न्हवं! 'चुकलो' म्हणत होतास. त्ये बी मिरचीनंच काय?"

"न्हाई आक्का. त्ये माझं मी म्हणलो."

"मंग मधी कशाला बोलू?" नागुबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. धम्मानंदचे डोळे पुन्हा भरले, आणि आता तर एसीही बंद होता.

तेवढ्यात फोन वाजला. नागुबाईचा मुलगा, प्रेम.

"मामा! आई हाय का? बरी हाय का?" त्याला धाप लागली होती. "अण्णाराव काकानं मामीला सांगितलं, मामीनं मला. तुमी दोघं रडत चाललाव म्हणं!"

"आई बरी हाय रे. लिंबाखाली उभी हाय. एसीनं जरा डोळे झोंबले."

प्रेमचा आवाज एकदम वर चढला. "तुमच्याबी गाडीत? मामा, आमचं अगदी असंच हाय! हवा लावली की डोळ्यांतनं पाणी. नांदेडचे दोन मेकॅनिक झाले, कुणालाच सापडंना. मी तर एसी लावायचाच सोडला, तवापासून आई रोज टोचून राहिली, म्हणती तुला गाडी ठेवता येत न्हाई. मामा, हे नेमकं कशानं होतं ओ?"

फोन मोठ्या आवाजात होता. नागुबाईनं सगळं ऐकलं. जी बाई तीन वर्षं या भावाच्या उंबऱ्याला आली नव्हती, तिनं त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले.

चौतीस वर्षांत एकही खोटी नोंद न केलेल्या धम्मानंदनं घसा खाकरला.

"उंदरानं होतं बाबा," तो म्हणाला. "लई बारीक असतेत, दिसत न्हाईत."