क्लिफने बोलावलेलं कडं

नगरसभेच्या दारात कचरागाडीवाल्यांनी संपाचं कडं धरलं, आणि त्यांना बोलावणारा क्लिफच कपाळाला हात लावून उभा राहिला.

मेलबर्नच्या त्या उपनगरातला गरम पाण्याचा तरणतलाव कंपनीला द्यायचा का, यावर सहा वाजता मतदान होतं. कंपनीचा देकार त्या दिवसापुरताच होता. क्लिफ निवृत्त ट्रामचालक. तो आणि त्याची बायको जोन अकरा वर्षं रोज सकाळी त्या पाण्यात चालत. आता तो एकटा चालतो. कंपनी आली की सकाळची वेळ बंद होणार होती.

नऊ नगरसेवकांपैकी चार कंपनीच्या बाजूचे, चार मजूर पक्षाचे, आणि नववी समाजवादी डेस्पिना. तिच्या एका मतावर तलाव तरायचा होता. तिला जोर यावा म्हणून क्लिफने संपावरच्या गाडीवाल्यांना बोलावलं होतं. ते चाळीस जण आले आणि सवयीने दार अडवून उभे राहिले.

डेस्पिना आली आणि पायरीशीच थबकली.

"अगं, जा की आत," क्लिफ म्हणाला.

"संपाचं कडं ओलांडून? तुम्ही गेला असतात?"

क्लिफचा मेहुणा एकदा असंच संपाचं कडं ओलांडून कामावर गेला होता. त्याला एकतीस वर्षं झाली. क्लिफ त्याच्याशी अजून बोलत नाही.

मागच्या दाराचा विषय त्याने काढला, पण दार मागचं असलं तरी संप तोच, असं ती म्हणाली. तेवढ्यात मजूर पक्षाचे चौघे एकाच गाडीतून उतरले. त्यांना कडं दिसलं, कड्यापाशी वर्तमानपत्राचा फोटोवाला दिसला, आणि चौघेही रस्त्यापलीकडे जाऊन बसचं वेळापत्रक वाचू लागले. कंपनीच्या बाजूचे चार नगरसेवक मात्र, त्यांचा म्होरक्या ग्रेगरसन पुढे होऊन, कड्यातून घुसून सरळ आत गेले.

क्लिफने गाडीवाल्यांचा पुढारी टेव्हिटा याला गाठलं आणि जरा बाजूला व्हायला विनवलं.

"बाबा, एकाच्या सांगण्यावरून कडं हलत नाही," टेव्हिटा म्हणाला. "सभा घ्यावी लागेल."

पायऱ्यांवरच सभा भरली. दहा मिनिटं वाट द्यावी, असं एकाने सुचवलं. दुसऱ्याला पंधरा हवी होती. तिसऱ्याला ग्रेगरसनचे जुने अपराध पहिल्यापासून सांगायचे होते, आणि ते बरेच होते. क्लिफ काचेतून घड्याळाकडे बघत राहिला. सहा वाजून दहा. सहा वाजून वीस.

मग ग्रेगरसन स्वतःच बाहेर आला. निदान एका तरी नगरसेवकाला आत सोडा, असं तो फार गोड आवाजात म्हणाला. क्लिफला याचं नवल वाटलं. याला आणखी माणूस कशाला हवा?

"त्यावरच चर्चा चाललीय," टेव्हिटा म्हणाला. "हात वर करा. चौदा जणांनंतर तुमचा नंबर."

ग्रेगरसनने हात वर केला.

साडेसहाला चिटणीसबाई दारात आल्या. आत चारच सभासद, कोरमला पाच लागतात, अर्धा तास वाट पाहून झाली, म्हणून सभा रद्द. ग्रेगरसनचा हात अजून वरच होता.

क्लिफ पायरीवर बसला. उद्या सकाळी तलाव उघडा असणार होता. तो काही बोलणार, तोच मागून टाळ्या वाजल्या.

"मंजूर," टेव्हिटा म्हणाला. "फक्त डेस्पिना. दहा मिनिटं."

"अरे, सभाच रद्द झालीय."

"ठराव झालाय, बाबा. एकमताने."

कडं दुभंगलं. डेस्पिना आत गेली आणि रिकाम्या सभागृहात आपल्या खुर्चीवर बसली. सातव्या मिनिटाला ती उठू लागली, तेव्हा टेव्हिटाने काचेबाहेरून तिला हातानेच खाली बसवलं.