ताटलीतल्या गोळ्या

"समोरच्या हमिदाबीकडं बघ जरा," धुरपदाबाई सुनेला म्हणाली. "दोन महिन्यांमागं भाकरी थापता थापता झोपायची. आता दिस उगवायच्या आत तिचं दळण होतंय. न्हायतर आमचं ध्यान."

ध्यान म्हणजे दगडाबाई. वीस वर्षं ती हे ऐकत आली होती. तिला आजार कसलाच नव्हता, ती नुसती सावकाश होती. पण नळदुर्गात सावकाश सुनेला औषध नव्हतं आणि हमिदाबीला मात्र मिळालं होतं.

हमिदाबी पूर्वी भर वैशाखात शाल पांघरून बसायची. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, बोलणं असं की एका वाक्यात चहा निवावा. शेवटी तिचा नवरा चाँदपाशा तिला शिवशरण डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी नाडी मोजली, कातडी चाचपली, रबरी हातोडीनं टाचेमागची शीर ठोकली. पाऊल उडालं, पण खाली आलं ते रमतगमत.

"गळ्यात एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "कंदिलाच्या वातीसारखी. यांची वात खाली गेलीय. रोज एक गोळी घ्यायची. जन्मभर."

सोलापूरहून गोळ्यांची बाटली आली आणि कंदील उजळला.

आता दोन्ही घरांत एक पितळी ताटली फिरायची. इकडून धपाटी गेली की तिकडून शेवया यायच्या. ताटली रिकामी परत द्यायची नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी ठेवायची. त्या दिवशी दगडाबाई धपाटी घेऊन गेली आणि हमिदाबी साखरेचा डबा शोधू लागली.

"साखर राहू दे गं," दगडाबाई म्हणाली. "तुझ्या बाटलीतल्या दोन गोळ्या दे."

"डाक्टरला न इचारता?"

"तुला गुण आला, मला काय इख होतंय? सासू लई बोलती गं."

हमिदाबीला मैत्रिणीचं मन मोडवेना, ताटलीही रिकामी देववेना. तिनं गोळ्या दिल्या. मग काय, दगडाबाईकडून एक दिवसाआड काही ना काही जाऊ लागलं. कधी शेंगाची पोळी, कधी हुलग्याचं माडगं. ताटली परत आली की दगडाबाई आधी गोळ्या पदराला बांधायची.

पंधरा-वीस दिवसांत गंमत झाली. दगडाबाईनं सगळी गोधडी-वाकळ धुतली, माळ्यावरची भांडी काढून घासली, परसातली चूल मोडून नवी घातली. नवरा उत्तरेश्वर जेवत असतानाच ती त्याचं ताट घासायला उचलू लागली.

"सून असावी तर अशी," धुरपदाबाई पाणवठ्यावर म्हणाली. दगडाबाईनं हे भिंतीआडून ऐकलं आणि त्या दिवशी दोन गोळ्या जास्त घेतल्या.

पौषाच्या थंडीत तिला घाम फुटू लागला. खाणं दुप्पट आणि चोळी मात्र ढिली. छातीत धडधड, हात थरथर. एकदा चहाची बशी हातातच अशी वाजली की उत्तरेश्वर उठून डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी तिला हात पुढं धरायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडू लागला. नाडी एकशे वीस.

"हिची वात वर चढलीय. समोरच्या बाईंच्या बरोबर उलटं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गळा चाचपला. "गाठ हाताला लागत नाही, आत असेल. सोलापूरला नेऊन कापून काढावी लागेल. मी चिठ्ठी देतो."

उत्तरेश्वरनं अंथरुणाची वळकटी बांधली. अकराची एस्टी होती. दगडाबाईला दरदरून घाम आला, पण तोंड उघडेना. कारण वीस वर्षांत पहिल्यांदाच सासू तिच्या उशाशी बसून कपाळावर हात फिरवत होती. गोळ्यांचं सांगितलं असतं, तर गळा वाचला असता आणि हात गेला असता.

इतक्यात हमिदाबी आली. अंगावर शाल. दारातून खाटेपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला.

"डाक्टरसाब..." ती म्हणाली आणि थांबली.

"रडू नका बाई, बरी होईल ती," डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले.

"ती... ताटली..."

"ताटलीचं मागनं बघू," उत्तरेश्वर म्हणाला. "गाडी जाईल."

डॉक्टरांनी मात्र लेखणी थांबवली. हा घोगरा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी हातोडी काढून हमिदाबीची टाच ठोकली. पाऊल उडालं आणि पुन्हा रमतगमत खाली आलं.

"गोळ्या घेता ना रोज?"

"आठ... दिसांत एक."

"आणि बाकीच्या?"

हमिदाबीनं मैत्रिणीकडं पाहिलं. एस्टीचा भोंगा वाजला, तरी तिनं घाई केली नाही.

"बाकीच्या... ताटलीत."

डॉक्टरांनी आधी दगडाबाईकडं पाहिलं, मग तिच्या पदराच्या गाठीकडं. गाठ सोडली. आत नऊ गोळ्या होत्या.

"हीच ती गाठ," ते म्हणाले आणि चिठ्ठी फाडली. "हिला काही झालेलं नाही. गोळ्या बंद, महिनाभर विश्रांती. आणि बाई, तुमच्या तुम्हीच घ्या. रोज."

धुरपदाबाईनं कपाळावरचा हात मात्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सून अंथरुणात, म्हणून सासूनंच चूल पेटवली. सगळं आवरेस्तोवर दुपार झाली. मग तिनं धपाटी ताटलीत झाकून समोर नेली. हमिदाबीनं साखर घालून ताटली परत दिली.

धुरपदाबाई अंगणाच्या मधोमध थांबली. कोणी बघत नाही असं पाहून तिनं बोटानं साखर बाजूला सारली आणि खाली बघितलं.