टि चा टा

जाडजूड लिफाफा हातात पडला तेव्हा टिकाऊने पोस्टमनचे तीनदा आभार मानले. एकदा लिफाफा आणला म्हणून, एकदा सहीला पेन दिलं म्हणून आणि एकदा ते पेन आठवणीने परत मागितलं म्हणून. आभार मानायची त्याला खोडच होती. बायको म्हणायची, "पायात काटा मोडला तरी तुम्ही काट्याला थँक्यू म्हणाल." त्यावर तो म्हणायचा, "एकच मोडला ना? मग?"

त्याचं दुकान जिन्याखाली होतं. आत एक शिलाई मशीन, दोन स्टुलं आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या बॅगा. बाहेर पाटी : मोठ्या अक्षरांत 'टिकाऊ' आणि खाली बारीक, 'बॅगा दुरुस्त करून मिळतील'. टिकाऊ हे खरं तर दुकानाचं नाव नव्हतं, त्याचंच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तो उस्तादांच्या हाताखाली काम शिकायला आला, त्याआधी अकरा जण येऊन पळाले होते. उस्तादांची आरी धारदार, आणि जीभ आरीहून धारदार. बारावा तेवढा टिकला, म्हणून उस्तादांनी त्याला टिकाऊ नाव दिलं. थकल्यावर दुकानही त्यालाच दिलं आणि स्वतः उभं राहून ही पाटी रंगवून घेतली. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं.

लिफाफा बायकोने फोडला. ती मशीनवर बसून अस्तरं शिवायची आणि दुकानातलं सगळं वाचनही तीच करायची.

"श्रीयुत, अशी सुरुवात आहे."

"बघ! श्रीयुत! अजून कोणी म्हटलं नव्हतं."

"पुढे ऐका. आमचे अशील 'सदाटिकाऊ' या नावाने बॅगा बनवतात. आपण 'टिकाऊ' नाव वापरत असल्याने ग्राहकांचा गोंधळ उडून आपले दुकान हे आमच्या अशिलांचेच आहे असा समज होत आहे."

टिकाऊने दुकानाकडे एकदा नजर फिरवली. पंख्याला दोनच पाती होती. "एवढ्या मोठ्या कंपनीला आपलं दुकान त्यांच्यासारखं वाटतं? मनाचा मोठेपणा आहे हो त्यांचा."

"सात दिवसांत नाव बदला, नाहीतर कोर्टात खेचू, असाही मोठेपणा आहे खाली."

आता टिकाऊचा चेहरा पडला. "अगं, पण सदा त्यांचं आणि टिकाऊ माझं. मी कुठे सदा वापरतोय?"

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं. त्यांच्या वकिलाला न कळण्याचाच पगार मिळतो."

कोर्टाची भीती होतीच. पण टिकाऊला खरी काळजी होती ती उस्तादांची. उस्ताद रोज दुपारी यायचे, स्टुलावर बसण्याआधी मान वर करून पाटी मोठ्याने वाचायचे आणि मगच टेकायचे. मोतीबिंदू वाढला तसं पाटी दिसेनाशी झाली. तरी ते धुक्याकडे बघावं तसं वर बघून पाठ असलेलं 'टिकाऊ' म्हणायचे. गेल्याच आठवड्यात ऑपरेशन झालं होतं आणि नवा चष्मा तीन आठवड्यांनी मिळणार होता. "चष्मा आला की पहिली ही पाटी वाचणार," असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. जे नाव त्यांनी आपल्या तोंडाने दिलं, ते आपण एका लिफाफ्याला घाबरून पुसून टाकलं, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सहा दिवस टिकाऊला घास गोड लागला नाही. सातव्या दिवशी पेंटर आला तो घाईतच.

"अख्खी पाटी आज होणार नाही. हातात शाळेची भिंत आहे. एखादं अक्षर इकडचं तिकडे करायचं असेल तर बोला."

तेव्हा मशीन थांबवून बायको म्हणाली, "अहो, मग वेलांटी काढून काना द्या की. टिकाऊचं टाकाऊ. लांबून सारखंच दिसतं, उस्तादांना संशय यायचा नाही. आणि कंपनी काय म्हणणार? हे नाव जगात कोणीच मागायला येणार नाही."

"टाकाऊ?" टिकाऊ कळवळला.

"सध्यापुरतं हो. पुढचं पुढे बघू."

पेंटर खूश झाला. "दांडी अलीकडून उचलायची, पलीकडे ठेवायची, वरची टोपी पुसायची. पाच मिनिटांचं काम." लोक 'ध'चा 'मा' करतात, इथे 'टि'चा 'टा' झाला, आणि शिडी उतरून पेंटर शाळेच्या भिंतीकडे पळाला.

इथवर ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी टिकाऊने कंपनीला उत्तर लिहून घेतलं. बायको लिहिता लिहिता दोनदा थांबली, पण तो ऐकेना. "नाव बदलले आहे. आपण एवढ्या व्यापातून माझ्या दुकानाची दखल घेतलीत याबद्दल आभार. आपले आणखीही उपकार आहेत. आपल्या बॅगांची चाके निघतात म्हणून गेली कित्येक वर्षे माझे घर चालते आहे. ती अशीच निघत राहोत ही प्रार्थना. आपला ऋणी." हे त्याने अगदी मनापासून सांगितलं होतं. त्याच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या सहा बॅगा 'सदाटिकाऊ'च असायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेला तर दारात एक मोडकी खुर्ची, फुटकी बादली आणि एक गादी. तिसऱ्या दिवशी दोन छत्र्या आणि दांडा नसलेला तवा. समोरचा चहावाला म्हणाला, "पाटी वाचून टाकून जातायत लोक. चांगली सोय केलीत."

"करायला गेलो एक आणि झालं भलतंच," टिकाऊ म्हणाला, पण फेकून देणं त्याच्या हातून होईना. लोकांनी विश्वासाने आणून टाकलंय, असं त्याचं म्हणणं. त्याने खुर्ची ठोकली, छत्र्या शिवल्या, तव्याला दांडा बसवला आणि ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. मग बॅगा यायला लागल्या. 'नवीन घ्या, ही दुरुस्त होत नाही' असं कंपनीच्या दुकानांतून ऐकून आलेल्या, चाकं गेलेल्या, हँडलं तुटलेल्या, चेन फाटलेल्या बॅगा. दहा दिवसांत त्याने नऊ बॅगा धडधाकट केल्या आणि आत जागा नाही म्हणून पाटीखालच्या तारेवर ओळीने टांगल्या. आता रस्त्यावरून बघणाऱ्याला वर मोठ्या अक्षरांत दिसायचं 'टाकाऊ' आणि खाली नऊ वेळा 'सदाटिकाऊ'.

टिकाऊच्या हे लक्षातही आलं नाही. पण कोणीतरी फोटो काढला, आणि तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गावभर फिरला. गिऱ्हाइकं वाढली, ती हसत हसत यायची. आपली बायको इतकी हुशार आहे याबद्दल टिकाऊने तिचेही आभार मानले. ती म्हणाली, "आभार राहू द्या. त्या पत्राची मला भीती वाटतेय."

वाटणारच. कंपनीत पत्र आणि फोटो एकाच दिवशी पोचले होते. ते आभार खरे असतील असं तिथे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. अशा पत्राला टोमणा म्हणायची त्यांच्याकडे पद्धत होती.

पाटी बदलल्याच्या सोळाव्या दिवशी भर दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. काळा कोट घातलेल्या एक वकीलबाई उतरल्या, आणि मागून त्यांची चाकांची बॅग.

"टिकाऊ तुम्हीच? की टाकाऊ म्हणू?"

"काहीही म्हणा, मॅडम. बसा. एवढ्या उन्हात आलात, उपकार झाले."

"हेच! हेच बंद करा," बाई कडाडल्या. "आमच्या मालाची जाहीर थट्टा चालवली आहे तुम्ही. ही दुसरी नोटीस मी स्वतः हातात द्यायला आले आहे." असं म्हणून त्यांनी बॅगेची चेन ओढली. चेन दोन बोटं सरकली आणि अडकली. बाईंनी ओढली, मग दात ओठ खाऊन ओढली, आणि रनर त्यांच्या हातात आला.

बॅगेवर ठसठशीत लिहिलं होतं, सदाटिकाऊ.

"मॅडम, जरा इकडे देता?"

"नोटीस आत आहे," बाई पडेल आवाजात म्हणाल्या. "आणि परतीच्या रेल्वेचं तिकीटही."

टिकाऊने पक्कड घेतली, चेनीचे वाकलेले दात एकेक करून सरळ केले, नवा रनर चढवला, वर मेणबत्ती फिरवली. बॅग अलगद उघडली. सगळ्यात वर त्याच्याच विरुद्धची नोटीस होती. ती त्याने स्वतःच काढून, झटकून, बायकोच्या हातात दिली आणि बाईंना म्हणाला, "दुसऱ्यांदा आठवण ठेवलीत. थँक्यू."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही... खरंच आभार मानताय?"

"पंचवीस वर्षं मी ऐकतेय," बायको म्हणाली. "खरंच मानतात. औषध नाही त्याला." आणि तिने नोटीस वाचली. "दुकानावरचे 'टाकाऊ' हे बदनामीकारक नाव चोवीस तासांत काढावे. बरं, काढतो. मग ठेवायचं कुठलं?"

"कुठलंही. पूर्वीचं ठेवा."

"पूर्वीचं तर तुमच्या पहिल्या नोटिशीने पुसायला लावलं."

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मग फोन लावला, बराच वेळ 'हो सर', 'नाही सर', 'खरंच आभार मानतो सर' केलं, आणि शेवटी नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं : या दुकानाने टिकाऊ हे नाव कायम वापरण्यास कंपनीची हरकत नाही. खाली सही, शिक्का. टिकाऊच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने पेंटरला निरोप धाडला.

पण पेंटरच्या आधी उस्ताद आले. रोजच्यापेक्षा ताठ चालत, नाकावर कोराकरकरीत चष्मा. टिकाऊ आडवा धावला. "उस्ताद, आधी चहा घ्या, आत या, ऊन फार—"

"बाजूला हो." उस्तादांनी मान वर केली आणि सावकाश वाचलं. "टा. का. ऊ."

चहावाल्याने सुद्धा किटली खाली ठेवली. टिकाऊने उस्तादांचे पाय धरले आणि लिफाफ्यापासून बादलीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. "चुकलो, उस्ताद. तुम्ही दिलेलं नाव मला सांभाळता आलं नाही. पण आज मिळालं परत, हा बघा कागद."

उस्तादांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून टिकाऊने घाबरून वर बघितलं, तर ते हसत होते. ठसका लागेपर्यंत हसले, स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसला.

"अरे गाढवा, पहिले सहा महिने मी तुला टाकाऊच म्हणायचो."

"काय?"

"घरी रे, बायकोपाशी. रोज रात्री जेवताना. आज टाकाऊने दोन सुया मोडल्या, आज टाकाऊने नव्या बॅगेला उलटं हँडल लावलं. उद्या हाकलतो म्हणायचो. एक दिवस तुझी काकू म्हणाली, रोज वाईट बोलून पोर कसं सुधारेल? एका वेलांटीचा तर प्रश्न आहे, द्या की. दुसऱ्या दिवशी मी तुला टिकाऊ म्हणून हाक मारली, आणि तू वेड्यासारखा थँक्यू म्हणालास." उस्तादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नाव मी नाही दिलं. तिने दिलं."

काकूंना जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या हातचं जेवून टिकाऊ कितीदा तरी आभार मानून उठला होता, पण याचे मानायचे राहूनच गेले होते. बायको मशीनवरून उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. वकीलबाई उगाचच नव्या चेनीवर रनर वरखाली करत होत्या.

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेऊन पेंटर आला. "काना पुसायचा आणि वेलांटी द्यायची ना? पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत नाही," टिकाऊ म्हणाला. "बाकीची अक्षरं राहू देत जुनी. वेलांटी तेवढी सावकाश काढ. आमच्या काकूंची आहे ती."