किशाका दाराला टेकून बसला

शनिवारी सकाळी सिल्वेस्टर मास्तर घरामागच्या संडासात असताना बाहेरून कोणीतरी दाराला टेकून बसलं. पत्र्याचं दार वीतभर आत फुगलं आणि बिजागऱ्या करकरल्या.

"कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

बाहेरच्यानं लांबलचक, समाधानाची ढेकर दिली.

"झाबुलोनी, ऊठ तिथून! माझा संडास म्हणजे काय तुझा ओटा आहे?"

झाबुलोनी हा शेजारी. सकाळी सकाळी लोकांच्या दारात बसायची त्याला सवय होती. पण या वेळी तो उठलाही नाही आणि काही बोललाही नाही. त्याऐवजी केळीचा बुंधा सोलल्याचा चर्र आवाज आला, मग कचकच चावल्याचा. मास्तरांनी पत्र्याच्या फटीला डोळा लावला. समोर नुसते केस दिसले. राखाडी, चंदेरी, जाड केस. एवढी रुंद पाठ झाबुलोनीची नव्हती. त्याच्या सगळ्या खानदानाची मिळूनही नसती.

मास्तर हळूच मागे सरकले. मागे सरकायला दीड पाऊलच जागा होती.

ब्विंडीचं जंगल मास्तरांच्या केळीच्या बागेला लागूनच सुरू होतं. गोरिला बागेत येणं आमच्याकडे नवीन नाही. येतात, चारदोन केळी आडव्या करतात, आतला गाभा खातात आणि जातात. मास्तरांची बायको पेनिना तर गोरिलांच्या राखणदारांत होती. जनावरं बागेत शिरली की ही मंडळी घंटा वाजवत, हळूहळू, त्यांना जंगलाकडे वळवून न्यायची. या चंदेरी पाठीच्या नराला ती 'म्हातारबुवा' म्हणायची.

पण गेल्या वर्षापासून मास्तर रेडिओसाठी नाटक लिहू लागले होते. दर शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास. त्यात किशाका नावाचा गोरिला होता. बारा फूट उंच. माणसाचं काळीज खाणारा. पाद्र्याच्या मुलीला खांद्यावर टाकून कड्यावरून उडी मारणारा. निवेदनही मास्तरच करायचे, इतक्या खोल आवाजात, की पोरं रडायची आणि बाया त्यांना गप्प करून रेडिओ मोठा करायच्या.

"अहो, असं कुठं असतं?" पेनिना पहिल्याच भागानंतर म्हणाली होती. "तो बिचारा दिवसभर पाला चघळतो, झोपतो आणि पादतो."

"असल्या प्राण्यावर नाटक कोण ऐकेल?"

"मग तुमच्यावरही कोणी लिहायला नको."

ते हसण्यावारी गेलं. पण पुढे पुढे हसू येईना. जन्मभर जनावराला नुसतं 'हाड्' म्हणून हाकलणारे लोक आता दगड मारू लागले. डोळ्यांनी रोज पाहिलेला गोरिला आणि कानांनी ऐकलेला गोरिला यांत लोकांनी कानांवर विश्वास ठेवला. झाबुलोनीनं आज्याचा भाला काढून त्याला धार लावली. मागच्या महिन्यात एका पिल्लाच्या हाताला दगड लागला, तेव्हा पेनिना दोन दिवस मास्तरांशी बोलली नव्हती.

आता तेच मास्तर पत्र्याच्या आड घामाघूम होऊन उभे होते. खिशात फोन होता, पण त्यात बोलायला पैसे नव्हते. त्यांनी पेनिनाला नुसती एक रिंग दिली. ती पलीकडच्या डोंगरावर राखणदारांच्या बैठकीला गेली होती. तिचा लगेच उलटा फोन आला.

"काय झालं?"

"म्हातारबुवा," मास्तर कुजबुजले. "संडासाच्या दाराला टेकलाय. मी आत आहे."

"एकटाच आहे?"

"पिल्लं केळीत आहेत. आवाज येतोय."

"ओरडू नका. दार ढकलू नका. तो खाईल आणि जाईल. मी निघाले, तासभर लागेल." मग तिचा आवाज बदलला. "आई कुठंय?"

सासूबाई. केतुराबाई. त्या चार दिवसांपूर्वीच राहायला आल्या होत्या. मास्तरांनी बाजूच्या फटीतून पाहिलं. मागच्या अंगणात, जनावरापासून दहा पावलांवर, म्हातारी पाटावर बसून बटाटे सोलत होती. गुडघे गेलेले, उठायचं तर दोघांनी हात द्यावा लागे. कानही गेलेले, म्हणून शेजारी रेडिओ मोठ्यानं लावलेला.

"बसल्यात," मास्तर म्हणाले. "बटाटे सोलतायत."

"तिला सोलू द्या. फक्त लोकांना जवळ येऊ देऊ नका. तो बसलाय तोवर काही होत नाही. कोणी भाला घेऊन धावला, तर मधे आई आहे."

फोन ठेवताच समोरच्या टेकाडावरून आरोळी आली.

"किशाकाऽ! मास्तरांच्या घरी किशाका आलाय! धावाऽ!"

तो झाबुलोनी होता.

मास्तरांना त्याला गप्प करायचं होतं, पण गप्प करायला ओरडावं लागलं असतं. ते नुसते पत्र्यावर नखं रोवून उभे राहिले. टेकाडावर दहा माणसं जमली, मग वीस, मग तीस. भाले दिसले, कोयते दिसले. मग दोघं जण चर्चमधला मोठा ढोल उचलून आणताना दिसले. तिसऱ्या भागात किशाका ढोलाला घाबरून पळतो. मास्तरांनीच लिहिलं होतं, कारण त्या दिवशी रेडिओवाल्यांकडे ढोलाखेरीज दुसरं वाद्य नव्हतं.

"आजी, पळाऽ!" टेकाडावरून कोणीतरी ओरडलं.

केतुराबाईंनी मान वर केली, लोकांना हात केला आणि पुढचा बटाटा घेतला.

तेवढ्यात मास्तरांचा फोन थरथरला. त्यांनी पेनिना समजून उचलला.

"श्रोतेहो!" पलीकडून लोयसबाईंचा आवाज फुटला. लोयसबाई म्हणजे रेडिओवरच्या निवेदिका. "आपल्या एका श्रोत्यानं आत्ताच कळवलंय, की आपले लाडके सिल्वेस्टर मास्तर या क्षणी प्रत्यक्ष किशाकाच्या तावडीत आहेत! मास्तर, तुम्ही जिवंत आहात ना?"

"तुम्हाला कोणी..."

"मास्तर, आपण थेट प्रसारणात आहोत. सांगा, कसं वाटतंय?"

दोन श्वास गेले आणि मास्तरांचा स्वतःचाच आवाज बाहेर अंगणात सासूबाईंच्या रेडिओतून गडगडला: "तुम्हाला कोणी..."

दारामागची कचकच थांबली. चंदेरी पाठ किंचित वळली.

"सासूबाई," मास्तर फोनमध्येच कुजबुजले, "रेडिओ बारीक करा."

"सासूबाई, रेडिओ बारीक करा," रेडिओ म्हणाला.

"थांबा हो," केतुराबाई रेडिओला म्हणाल्या, "महत्त्वाचं चाललंय."

मास्तरांच्या मनात आलं, की आता खरं सांगायची वेळ आहे. सगळा जिल्हा ऐकतोय, टेकाडावरच्यांच्या हातातही रेडिओ आहेत. ओरडायची गरज नाही, कुजबुजलं तरी पोहोचेल. त्यांनी डोळे मिटले.

"लोकहो, किशाका बिशाका काही नाही. ते सगळं मी रचलंय. हा साधा गोरिला आहे. कोणाला काही करत नाही. केळीचा गाभा खातो. आणि आत्ताच त्याचा... वारा सरला."

"काय म्हणालात? श्रोत्यांना नीट ऐकू आलं नाही."

"पादला! पादला तो!"

मग टेकाडावरून झाबुलोनीचा हंबरडा आला.

"भारलं रेऽ! मास्तरांना किशाकानं भारलं!"

मास्तरांना आपला सातवा भाग आठवला. सातव्या भागात किशाका शिकाऱ्याच्या तोंडावर फुंकर मारतो. मग तो शिकारी आपल्याच माणसांना हाका मारू लागतो: या, या, हा गरीब प्राणी आहे, काही करत नाही. माणसं जवळ येतात आणि किशाका त्यांना फाडतो. तो भाग लोकांना इतका आवडला होता, की दोनदा लावावा लागला.

"मास्तर गेले!" झाबुलोनी ओरडला. "निदान म्हातारीला वाचवा! वाजवा ढोल!"

ढोलाची पहिली थाप पडली. दारावरचं वजन उठलं. म्हातारबुवा उभा राहिला. दोन्ही हातांत मावणार नाही अशा छातीवर त्यानं तळहात आपटले आणि केळीतली पिल्लं किंचाळत त्याच्या मागे आली. माणसं उतारावरून खाली येऊ लागली. ती जितकी जवळ येत होती, तितका तो पुढे, अंगणाकडे, सरकत होता.

दार आता मोकळं होतं. मास्तरांनी ते चार बोटं उघडलं. सगळ्यांचं लक्ष पुढे, मागची वाट सरळ झाबुलोनीच्या रताळ्यांतून खाली जात होती. कोणाला कळलंही नसतं. त्यांनी एक पाय बाहेर टाकला. मग त्यांना सासूबाईंची पाठ दिसली. पोक आलेली, निळ्या शालीतली. हातातला चाकू थांबला होता. म्हातारी आता जनावराकडे बघत होती आणि उठायचा प्रयत्न करत होती. तिला उठता येत नव्हतं.

मास्तरांनी पाय आत घेतला. फोन ओठांना लावला आणि छातीच्या तळातून, दर शुक्रवारचा तो खोल आवाज काढला.

"ऐका. किशाकानं मला भारलं होतं. आता मी मोकळा झालोय. त्याचा उतारा मला कळलाय."

"उतारा!" लोयसबाई किंचाळल्या.

"उभा राहील तो पडेल. धावेल त्याला तो आधी धरेल. ढोल वाजवील त्याच्या घरी सात पिढ्या मूल रडायचं थांबणार नाही."

ढोल थांबला.

"खाली बसा. आहे तिथंच, जमिनीवर. मान खाली घाला. त्याच्या डोळ्यांत बघाल तर डोळे जातील. हाताला येईल तो पाला तोंडात धरा आणि चघळा. सावकाश. आवाज करून."

मास्तरांनी फटीतून पाहिलं. उतारावर तीस माणसं एकदम मटकन बसली, जणू प्रार्थनेलाच. कोणी रताळ्याचा पाला ओरबाडला, कोणी नुसतं गवत. केतुराबाईंनीही उठायचं सोडलं आणि बटाट्याची साल तोंडात घातली.

"मास्तर," लोयसबाईंनी विचारलं, "एक श्रोते झाबुलोनी फोनवर आहेत. भाल्याचं काय करायचं?"

"खाली ठेव आणि त्यावर बस."

"आणि तिकडे लांब काबालेहून एक बाई विचारतात, आमच्याकडे गोरिला नाही, तरी आम्ही बसायचं का?"

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांना आता कोणालाच उभं ठेवायची छाती नव्हती.

म्हातारबुवा अंगणात चारी पायांवर उभा राहिला. त्यानं उताराकडे पाहिलं. तीस माणसं मान खाली घालून चारा खात होती. असं त्यानं जन्मात पाहिलं नसावं. त्याच्या छातीवरचे फुगलेले केस हळूहळू बसले. घशातून एक बारीक घरघर आली, पंगतीत वाढप्याला 'पुरे' म्हणावं तशी. तो केतुराबाईंच्या इतक्या जवळून गेला, की शालीचा पदर हलला. मागून माद्या गेल्या, त्यांच्या मागून पिल्लं. शेवटच्या पिल्लानं टोपलीतला एक बटाटा उचलला, हुंगला, परत टोपलीत ठेवला. मग सगळं कुटुंब ओढ्याकडे उतरून जंगलात दिसेनासं झालं.

तरी पंधरा मिनिटं कोणी उठलं नाही. मास्तरांनी 'उठा' म्हटलं नव्हतं.

घंटेचा आवाज आला आणि पेनिना धापा टाकत पोहोचली. आधी तिनं आईला मिठी मारली.

"काय गं, रडतेस काय?" केतुराबाई म्हणाल्या. "आजचा भाग झकास झाला. जावयांना सांग, तेवढं ते पादायचं काढून टाका. किशाकाला शोभत नाही."

मग पेनिनानं संडासाचं दार उघडलं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, शर्ट अंगाला चिकटलेला.

"सगळं ऐकलं मी," ती म्हणाली. "वाटेत एकूण एक घरी रेडिओ लावलेला होता. लोक अंगणात बसून पाला खात होते."

"मी खरं सांगितलं होतं गं. आधी खरंच सांगितलं."

"तेही ऐकलं."

एवढंच बोलून ती घरात गेली. मास्तरांना वाटलं, आता महिनाभर अबोला. संध्याकाळी त्यांनी आपणहून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "यापुढे सगळं खरं लिहिणार. गोरिला जसा आहे तसा. नाहीतर नाटकच बंद."

पेनिनानं वही त्यांच्याकडे परत सरकवली.

"आठ वर्षं मी घरोघर सांगतेय. पळू नका, बसा, डोळ्यांत बघू नका, दगड मारू नका. एकानं ऐकलं नाही. आज तुमच्या एका थापेनं काबालेपर्यंत लोक बसले." तिनं दिवा जवळ ओढला. "लिहा. किशाकाला जो दगड मारतो, त्याचे बटाटे जमिनीतच सडतात."

"अगं, पण हे खोटं आहे!"

"म्हणूनच सांगतेय. लिहा. किशाकावर जो भाला उचलतो, त्याचा हात दुसऱ्या दिवशी वर होत नाही. राखणदाराची घंटा वाजली की बाजूला व्हावं, नाहीतर दाढ दुखते."

मास्तर लिहू लागले. पान भरलं, दुसरं घेतलं. पेनिना सांगत राहिली, न अडखळता, जणू आठ वर्षं हे सगळं तिच्या जिभेवरच होतं.

"आणि जो नवरा बायकोचं ऐकत नाही," ती म्हणाली, "त्याच्या दाराशी किशाका आधी येऊन बसतो."

मास्तरांची लेखणी थांबली. "हेही लिहू?"

"लिहा," पेनिना म्हणाली. "एवढं एक खरं असू दे."