गायकवाड बाईंचा फाटका आवाज

आमच्या गायकवाड बाई निवृत्त झाल्यावर इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागल्या, आणि महाडमधल्या आमच्या अख्ख्या इमारतीत त्यांनी एकाचीही परवानगी घेतली नाही.

मी त्यांच्या बरोबर खाली राहतो. दुपारी चारला त्यांचा सराव सुरू होतो आणि आमच्या मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणायला लागतात. पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरचा इरफान इलेक्ट्रिशियन पाने-पक्कड घेऊन वर धावला.

"बाई, तुमचा स्पीकर फाटलाय. बदलून देतो."

"तो पैसे देऊन फाटका घेतलाय," बाई म्हणाल्या. "त्याला तसं बटणच हाय."

एरवी त्या शुद्ध बोलतात. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. पण कुणी अडवलं की जीभ थेट पोलादपूरला माहेरी जाते. 'हाय' आणि 'नाय' ऐकू आलं की समजावं, बाई आता मागे हटत नाहीत.

त्यांचे गुरू मोबाइलमध्ये राहतात. खांद्यापर्यंत केस, दोन्ही हातांवर गोंदण, इंग्रजी बोलणारा आणि वयाने बाईंच्या विद्यार्थ्यांत शोभेल असा तो परदेशी बुवा. बाई त्याला 'सर' म्हणतात. "थांबा सर, जरा हळू," म्हणत त्याला मागे नेतात, आणि वर्ग संपला की हात जोडून मोबाइल बंद करतात. शिकतात ती जुनी इंग्रजी रॉक गाणी. खरं म्हणजे गाणी नव्हेत. गाण्याच्या सुरुवातीला गिटारवर जो तुकडा पुन्हा पुन्हा घुमतो, ज्याला सर 'रिफ' म्हणतात, तेवढाच बाईंना हवा असतो. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी आपल्या इकडच्या घाटांची ठेवली आहेत. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढावा तसं वाजतं ते 'कशेडीचं'. सारखी वळणं घेतं ते 'आंबेनळीचं'.

"या वयात पेटी शिकावी, बाई," असं कुणी सुचवलं तर उत्तर तयार असतं. "तुम्ही शिका. मी येईन ऐकायला."

आमचा सगळ्यांचा कळवळा होता तो त्यांच्या यजमानांसाठी, भाऊंसाठी. भाऊ कारखान्यातून निवृत्त झालेले. पूर्वी जिन्यात भेटले की पिशवी खाली ठेवून गप्पा मारायचे. हल्ली बाहेरच पडत नव्हते. दार उघडलं तरी नुसते हसायचे आणि आत वळायचे. बायकोच्या गिटारने बिचाऱ्याचं तोंड बंद केलं, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं.

शेवटी सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष कदम बोलले. "आमचं सोडा बाई, भाऊंचा तरी विचार करा."

बाई उभ्या राहिल्या. "त्यांच्या नावानं माझं वाजवणं बंद करायचं नाय. मी वाजवणार." आणि निघून गेल्या. मग बैठकीने मला कामाला लावलं. वर जाऊन भाऊंचं खरं मत काढून आणायचं.

दुसऱ्या दिवशी चारला मी वर गेलो. दार उघडंच होतं. बाई पदर खोचून गिटार घेऊन बसल्या होत्या. भाऊ चटईवर, स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून, डोळे मिटून.

"मधला सुटला," भाऊ म्हणाले. "परत घे."

बाईंनी परत घेतलं.

"हां. आता चढला घाट."

मला बघून बाईंनी हात थांबवला. मी का आलो ते त्यांनी विचारलं नाही.

"मशीनपाशी उभं राहून राहून यांचे कान गेले," त्या म्हणाल्या. "कानाला यंत्र लावलं तर नुसती घरघर. समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायला लाजतात, म्हणून बाहेर जात नायत. मी पेटी वाजवून बघितली, पाठीला कळत नाय. ढोलकी कळते, पण तिला गाणं नाय. हे लागू पडलं."

भाऊंनी डोळे उघडले. मला पाहून ते बाजूला सरकले आणि चटईवर थाप मारली. मी बसलो, पाठ टेकली. बाईंनी जाड तार छेडली आणि कशेडीचा ट्रक माझ्या मणक्यातून वर चढू लागला. आपल्या घरचा आंबा पाहुण्याला दिल्यावर बघावं, तसे भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

निघताना बाई दारापर्यंत आल्या.

"तो मधला सूर मला कधीचा येतो," त्या म्हणाल्या. "मी सोडते. सोडला की ते बोलतात."

भाऊंना ऐकू जाणार नव्हतं, तरी बाईंनी आवाज खाली घेतला होता.

जिन्यात कदम वाट बघत उभे होते. "काय म्हणाले भाऊ? बंद करायचं ना?"

"बाई वाजवणार आहेत," मी म्हणालो. "आणि उद्या चार वाजता मी वर जाणार आहे. तक्रार लिहायची असेल तर त्यात बाईंच्या नावाशेजारी माझंही नाव घाला."