कोळवणच्या गिरणीचा उच्च शिक्षणातला वाटा

माणसाला आपल्या आयुष्याचा उद्देश कळलाच, तर तो साधारणपणे उतारवयात कळतो. अभियांत्रिकीच्या पदवीधराला मात्र तो पंधरा डिसेंबरपूर्वी, हजार शब्दांच्या आत आणि इंग्रजीत कळवावा लागतो. मुदतीनंतर सापडलेला उद्देश विचारात घेतला जात नाही. या नियमात गैर काही नाही. मुदत नसती तर आमच्या मुळशी तालुक्यातल्या कित्येक तरुणांना आपण कशासाठी जन्मलो हे शेवटपर्यंत समजलं नसतं, आणि समाजात आज मला जे स्थान आहे तेही मिळालं नसतं.

मी शंभू, राहणार कासार आंबोली. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात. तिथे एसओपी लिहिणं हे माझं काम. म्हणजे अमुक यंत्र सुरू करण्यापूर्वी हात कोरडे करावेत, तमुक बटण दोनदा दाबू नये, वगैरे. (दोनदा दाबतात.) परदेशी विद्यापीठंही अर्जासोबत एसओपी मागतात, पण तो वेगळा, म्हणजे उद्देशपत्र. त्यात यंत्र कसं चालवावं हे नसतं, आपण अमेरिकेला का चाललो आहोत हे असतं. हा फरक मला ठाऊक होता. गावाला नव्हता, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

पहिल्यांदा अर्ज केले ते मी स्वतःसाठी. सगळीकडून नकार आला. अमेरिकन विद्यापीठाचा नकार हा एक अतिशय सुसंस्कृत प्रकार आहे. मी तो आईला मराठीत वाचून दाखवला : आपला अर्ज अत्यंत प्रभावी होता, यंदा आलेले सगळेच अर्ज असामान्य होते, निर्णय घेणं आम्हाला फार जड गेलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

आई म्हणाली, "न्हाई म्हनायला येवढं कोन लिवतं व्हय? तुला समाजलं नसंल. परत वाच."

परत वाचूनही तिचं मत बदललं नाही. तिने ते गावात सांगितलं. महिन्याभरात मी असा माणूस झालो, ज्याच्या बाबतीत निर्णय घेणं अमेरिकेला जड गेलं होतं.

त्यामुळे पिरंगुटच्या स्नेहलला तिचे वडील माझ्याकडे घेऊन आले, यात नवल नव्हतं. "कंपनीत एसओपीच लिवतो त्यो," असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी फरक समजावून सांगितला. त्यांनी तो माझा विनय समजला. शेवटी मी माझंच उद्देशपत्र तिला दिलं, कारण ते अत्यंत प्रभावी असल्याची लेखी पोच माझ्याकडे होती. नाव बदललं, 'मुलगा' होता तिथे 'मुलगी' केलं. स्नेहलला प्रवेश मिळाला. तिचे गुण माझ्यापेक्षा बरेच जास्त होते, पण या मुद्द्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि मीही ते वेधलं नाही.

त्या उद्देशपत्रात काय होतं हे इथे सांगणं भाग आहे. माझं आजोळ कोळवणचं. भात झोडून झालं की आई माहेरच्या वाट्याची पोती जनार्दनमामांच्या गिरणीत भरडायला न्यायची, आणि मला सोबत घ्यायची. मी आठ वर्षांचा असताना एकदा गिरणीचा पट्टा चाकावरून उतरला. फाडकन आवाज झाला आणि मी रडलो. एवढंच घडलं. उद्देशपत्रात मात्र पट्टा वारंवार घसरत होता, त्या ऊर्जेच्या अपव्ययाने मी बालवयातच अस्वस्थ झालो होतो, आणि यंत्रांमधली शक्ती वाया जाऊ न देणं हेच माझं जीवितकार्य ठरलं होतं. (अस्वस्थ झालो होतो, हे खरं आहे.)

स्नेहल गेल्यावर रीघ लागली. मी शनिवार-रविवारपुरती एक खोली घेतली आणि मार्गदर्शन सुरू केलं. जो स्वतः पोचला तो तिकडे कामात असतो. मार्गदर्शनाला वेळ फक्त न पोचलेल्याकडे असतो, आणि या बाबतीत तालुक्यात माझ्याइतका पात्र दुसरा कुणी नव्हता. अडचण एकच होती. उद्देशपत्राला बालपणी काहीतरी घडलेलं असावं लागतं, आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के मुलांना बालपणी काहीही झालेलं नव्हतं. उरलेल्या दोन टक्क्यांना कांजिण्या झाल्या होत्या. तेव्हा मी प्रत्येकाला गिरणी देऊ लागलो. कुणाला ती आजोबांची दिली, कुणाला चुलत्यांची. पट्टा कुणाचा डावीकडे घसरला, कुणाचा उजवीकडे. एकाला वेगळेपणासाठी तेलाचा घाणा देऊन पाहिला, पण त्याचा धीर सुटला आणि तो भातावर परत आला.

अपेक्षा ही मुलगी आमच्याच घरामागच्या चाळवजा खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातली. माणसं अकोल्याची, वडील हिंजवडीला आयटीत. तिने स्वतः लिहिलेलं उद्देशपत्र आणलं होतं. तिने एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करताना तिथला कॉम्प्रेसर इतका का खडखडतो याचा माग काढला होता. आधी तिचा अंदाज चुकला, मग अर्धा बरोबर निघाला, उरलेला अर्धा अजून कळला नव्हता आणि तो कळावा म्हणून तिला पुढे शिकायचं होतं. सगळं कोरडं, सरळ. त्यात ती होती, पण बालपण नव्हतं. मी ते काढून टाकलं आणि गिरणी घातली.

"शंभूदादा, मी अकोल्यात चौथ्या मजल्यावर वाढले," ती म्हणाली. "मी भाताची गिरणी बघितलेलीच नाही."

"तिकडे तरी कुणी बघितली आहे?" मी म्हणालो.

हा युक्तिवाद तिच्या आईवडिलांना पटला. तिला पटला नव्हता, पण अर्ज भरताना आईवडील दोन्ही बाजूंना बसले होते. त्या वर्षी एका विशिष्ट विद्यापीठाकडे माझ्या मार्गदर्शनाखाली सात अर्ज गेले. आठवा माझा स्वतःचा होता. मूळ गिरणी माझी असल्याने मी ती बदलायचं कारण नव्हतं.

जानेवारीत आम्हा आठही जणांना एकच ईमेल आला. लिहिणारे प्राध्यापक अनिमेष, त्याच विद्यापीठातले, प्रवेश समितीवरचे. मूळचे नागपूरचे, पण तिकडे जाऊन एक पिढी लोटलेली. एका परिषदेसाठी पुण्यात येत होते. कोळवण खोऱ्यातल्या भातगिरणीबद्दल अर्जांमधून इतकं वाचलं आहे की ती पाहिल्याशिवाय परत जाववणार नाही, रविवारी सकाळी येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. पूर्ण मजकुरात एकही कठोर शब्द नव्हता. नकाराचा अनुभव असल्याने मला त्याचीच भीती वाटली.

मी तसाच जीप पकडून कोळवणला गेलो आणि जनार्दनमामांना विनंती केली, की रविवारी अर्धा तास पट्टा घसरवावा. आठ मुलांचं भवितव्य त्यावर आहे.

मामांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "माजा पट्टा घसरत न्हाई," ते म्हणाले. "एकडाव उतरला व्हता. तवा तू रडत हुतास."

मी त्यांना समजावलं, की या पट्ट्याने तालुक्यातल्या कित्येक मुलांचं आयुष्य बदललं आहे. त्यावर त्यांनी विचारलं, की एवढी पोरं बघत उभी होती तर नीट करायला एकही कसं पुढं आलं नाही. मग ते म्हणाले, "पाव्हन्याम्होरं माजी गिरणी बिघडल्याली दावू? बाकी काय बी माग, शंभू."

मी बाकी काही मागितलं नाही. मला दुसरं काही नकोच होतं. पाहुणा येणार म्हणून मामांनी गिरणीला रंग दिला आणि पट्टा नवा बसवला.

रविवारी आम्ही आठही जण इस्त्रीचे कपडे घालून हजर होतो. प्राध्यापक टॅक्सीतून उतरले. साधा माणूस, पायात चपला, बोलणं नागपुरी वळणाचं. मुलं आधीपासूनच भावनेत होती. एकाने शेजारच्या पिठाच्या चक्कीवर हात ठेवून डोळे मिटले होते. मी त्याला हळूच दोन पावलं पुढे सरकवलं. मामांनी मोटर सुरू केली. गिरणी अशी चालली, की मी जन्मात कुठलं यंत्र इतकं सुरळीत चाललेलं पाहिलं नव्हतं. प्राध्यापक बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, की पट्टा नेमका कोणत्या बाजूला घसरायचा. तिघांनी डावीकडे बोट केलं, तिघांनी उजवीकडे.

अपेक्षाने बोट केलं नाही. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, "सर, मी ही गिरणी आज पहिल्यांदा बघतेय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुणवत्ता विभागात इतकी वर्षं काढल्यामुळे दोष सापडल्यावर चेहरा कसा ठेवावा हे मला येतं, पण त्या वेळी तो ठेवता आला नाही. मला तिचा राग आला. ते वाक्य मला कधीच म्हणता येणार नव्हतं, याचा त्याहून जास्त आला.

प्राध्यापकांनी तिला विचारलं, की मग तू काय बघितलंस. ती कॉम्प्रेसरबद्दल सांगू लागली. त्यांनी मध्येच दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिने दिलं, दुसऱ्याचं येत नाही म्हणाली. ते मान हलवत ऐकत राहिले. बाकीची मुलं अजून बोटं तशीच धरून उभी होती.

मग मामांकडे चहा झाला. प्राध्यापक बशी हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "लिहितं कोण?"

"मी."

"छान लिहिता," ते म्हणाले. "माझ्या वेळी गुऱ्हाळ होतं. एका मास्तरांनी लिहून दिलं होतं. मी अजून गुऱ्हाळ पाहिलेलं नाही. इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी ते बघायला येईल. कुणी आलं नाही." बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "म्हणून म्हटलं, आपण जाऊन यावं."

जाण्यापूर्वी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की ज्याला कुणाला उद्देशपत्र नव्याने लिहून पाठवायचं असेल त्याने आठवड्यात पाठवावं, ते समितीपुढे ठेवतील. अपेक्षाने त्याच संध्याकाळी आपलं जुनं पान पाठवून दिलं. उरलेल्या सहा जणांनी घरच्यांशी विचारविनिमय करून मला कळवलं, की ते एकदा दिलेल्या शब्दावर ठाम आहेत. (मीही ठाम होतो.)

मार्चमध्ये निकाल लागले. अपेक्षाला तिथे प्रवेश मिळाला. सहापैकी चौघांना इतर विद्यापीठांनी घेतलं. त्या विद्यापीठांतून कोळवणला कुणी आलेलं नव्हतं. मला नकार आला. या खेपेचा नकार पहिल्याइतका सुसंस्कृत नव्हता. माझ्या निवेदनाचं इतर अर्जदारांच्या निवेदनांशी असलेलं साम्य समितीला गंभीर वाटलं होतं.

त्या गिरणीत लहानपणी खरोखर उभा राहिलेला असा आम्हा आठ जणांत मी एकटाच होतो. मी ते नकारपत्र आईला वाचून दाखवलं. या वेळी तिने परत वाचायला सांगितलं नाही. "मंग खरं हाय म्हनून सांगायचं व्हतंस," एवढं म्हणून ती आत गेली. मी सांगितलंच होतं. सगळ्यांच्या तोंडून सांगितलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि आईनेही जेव म्हणून आग्रह केला नाही, त्यावरून तिला समजलं होतं हे मला समजलं.

ऑगस्टमध्ये अपेक्षा निघाली. पेढे द्यायला आली तेव्हा दारातच उभी राहून म्हणाली, "शंभूदादा, यंदा तुमचं तुम्ही लिहा ना. गिरणी सोडून."

तिच्या बोलण्याचा मान ठेवून मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य फार सुंदर सुचलं. पुन्हा वाचलं तर ते स्नेहलला दिलेलं होतं. दुसरं त्या तेलाच्या घाण्यावाल्याचं निघालं. माझ्याकडे होतं नव्हतं ते मी चांगल्या मुलांना देऊन बसलो होतो. मग मला अमेरिकेला नेमकं का जायचं आहे, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर मिळालं, पण ते हजार शब्दांना पुरणारं नव्हतं. इथून सगळे जातात, आणि त्यांना पाठवतो मी.

हे सगळं मी जसं घडलं तसं लिहिलं आहे, ते इतरांनी यातून बोध घ्यावा म्हणून. आपल्याला अपेक्षाचं कौतुक वाटलं असेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला वाटतं. कितीतरी वेळ ते तिच्याबद्दल, तिच्या धीटपणाबद्दल, हल्ली दुर्मीळ झालेल्या सचोटीबद्दल बोलतात. मग खुर्ची थोडी पुढे घेतात आणि विचारतात, की तसंच खरंखुरं काहीतरी आमच्या मुलासाठी लिहून मिळेल का.

मिळतं. पिरंगुटच्या बाजारात, खतांच्या दुकानावरची खोली. जिना मागच्या बाजूने आहे. येताना मुलाला आणायची गरज नाही.