आबांच्या तबस्सुम मॅडम

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉ. तबस्सुम मॅडम चहात थर्मामीटर घालतात. हे मी ऐकीव सांगत नाही. राहायला आल्या तेव्हा आम्ही त्यांना चहाला बोलावलं, तर त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढून कपात उभा केला. माझी बायको आपल्या कपावर फुंकर घालायला लागताच ओरडल्या, "फुंकर नका घालू ताई! हळूहळू गार होऊ द्या. घाई केली की सगळं बिघडतं." चहा प्यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर बिस्किटं संपली.

मॅडम बायोइंजिनिअरिंगमध्ये संशोधन करतात. डीएनएच्या दोऱ्यांची घडी घालून डोळ्यांना न दिसणारी डबी बनवतात. दोरे एकत्र करून तापवायचे आणि मग अगदी सावकाश गार करायचे, म्हणजे प्रत्येक दोरा आपली जागा आपणच शोधतो. डबीत औषध भरायचं, आणि तिला कुलूप असं, की ते आजारी पेशीपाशीच उघडावं. कॉलनीतलं कुणी भेटलं की विचारतं, "मॅडम, कॅन्सरचं औषध कधी निघणार?" त्या शांतपणे म्हणतात, "अजून लॅबमधल्या ताटलीतच आहे हो."

या डब्यांचे फोटो त्या मोबाइलवर असे दाखवतात, जसे लोक भाच्यांचे दाखवतात. "हा कोपरा बघा सर, कसा बसलाय! मागच्या वेळी लई वाकडा होता." मला तिथं नुसतं सांडलेलं पीठ दिसतं. फसलेल्या डब्यांचे फोटोही त्या पुसत नाहीत. म्हणतात, "त्यांनी पण मेहनत केली ना."

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. गंगापूरकडे जन्मभर कापूस पिकवला आणि आई गेल्यावर इथं संभाजीनगरला माझ्याकडे आले. मी बारावीच्या मुलांचे बायोलॉजीचे क्लास घेतो. म्हणजे डीएनए हा खरं तर माझा प्रांत. वीस वर्षं फळ्यावर ती पिळलेल्या शिडीसारखी आकृती काढतोय, आता डोळे मिटूनही काढीन. पण आबांनी एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तू शिकवतोस तरी काय? आणि ही वरची भाडेकरू आली, तर रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्च्या टाकून डीएनएची चर्चा! मी क्लासहून परतलो की बायको कौतुकानं सांगायची, "आज आबा काय रंगले होते!" मला जेवण जायचं नाही. उघडच सांगतो, मी जळत होतो.

एकदा मॅडम क्लासच्या दारात आल्या. "सर, आबांबद्दल जरा बोलायचं होतं." माझ्या बापाबद्दल ही मला काय सांगणार? मी म्हटलं, "बॅच चालू आहे." पुन्हा आल्या, तेव्हाही बॅच चालू होती. खरं तर त्या वेळी वर्गात दोनच मुलं होती.

मग परीक्षेनंतर क्लासला सुट्टी लागली आणि मी संध्याकाळी घरी राहिलो. ओट्याकडच्या खिडकीला कान लावला. वयाला शोभत नाही, पण लावला.

"पोरी, तू करतीस काय नेमकं?" आबा विचारत होते.

मॅडमनी दोरे, डबी, कुलूप सगळं सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी फवारा समद्या वावरावर नाय, नुसत्या अळीवर?"

"आबा! माझं अख्खं काम तुम्ही एका वाक्यात सांगितलं की!" मॅडमनी चक्क टाळी वाजवली.

खिडकीआड माझा कोळसा झाला. वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला असं वाक्य सुचलं नव्हतं. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कान लावला. "पोरी, तू करतीस काय नेमकं?" मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला, तोच फवारा, तीच अळी. मॅडमनी टाळीही तशीच वाजवली, जणू हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशीही हेच झालं, तेव्हा मी खिडकीखाली फरशीवर बसलो.

चौथ्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. सकाळी गच्चीवर टाकीपाशी मॅडम भेटल्या.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. दोनदा सांगायला आले होते सर."

मी म्हटलं, "रोज तेच सांगून कंटाळा येत नाही?"

"कंटाळा कशाचा? लॅबमध्ये विचारतात, डेटा आला का? अजिंठ्याला घरी विचारतात, नोकरी पक्की कधी होणार, लग्न कधी करणार? मी काय करते, हे एकटे आबाच विचारतात. आणि रोज विचारतात." एवढं बोलून त्या टाकीत किती पाणी चढलं ते बघत बसल्या.

आबांना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याच्या आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या. मी संध्याकाळची बॅच सकाळी घेतली. पुढं मॅडम चार दिवस अजिंठ्याला गेल्या, तेव्हा म्हटलं, आता माझी पाळी. क्लासमधला छोटा फळा ओट्यावर आणला, रंगीत खडू आणले. दोरे काढले, डबी काढली, कुलूप काढलं. इतकं जीव तोडून मी आयुष्यात शिकवलं नव्हतं. मग आबांचा हात मिशीकडे जाईल म्हणून थांबलो.

आबा फळ्याकडे बघत राहिले, मग जिन्याकडे.

"ती पोरगी दिसंना?"

"गावी गेलीय आबा. म्हणून तर मी सांगतोय."

"चांगलं सांगितलंस. पर ती आली की मला हाक मार." आबा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "एकटीच ऱ्हाती वर. तिला तिच्या कामाचं इचारलं की लई बरं वाटतं बिचारीला."

"आणि मला, आबा?" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पन्नाशीला आलेल्या माणसानं, हातात खडू घेऊन, बापाला हे कसं विचारायचं? मी फळा पुसायला लागलो.